साइटमधली अळी

मोताळ्याच्या स्टँडजवळ कॉम्प्युटर सेंटर चालवणाऱ्या त्या माणसाला कॉम्प्युटरचे सगळे आजार कपाशीच्या भाषेत कळतात. मशीन बंद पडलं की ‘मर लागली’, इंटरनेट मंदावलं की ‘पानं कोकडली’. निदान सांगण्याआधी चष्मा कपाळावर चढलाच पाहिजे.

त्या दिवशी बोंडअळीच्या भरपाईचे ऑनलाइन अर्ज भरायची शेवटची मुदत होती. दाराबाहेर रांग. सर्वांत पुढे रोहिणखेडच्या मावशी. त्यांचा अर्ज उघडला की पुढच्याच क्षणी पडद्यावर रमीचा डाव!

“काऊन भाऊ, मी पत्ते खेळाले आली काय? कपाशी तं गेली, आता फारम बी जाते का?”

चष्मा कपाळावर चढला. “साइट साबूत हाय, मावशी. ब्राउझरात अळी शिरली.”

त्याने ब्राउझरला जोडलेल्या एक्स्टेन्शनची यादी उघडली. तिथे एकच नाव होतं: ‘तीस दिवसांत दाट केस’.

मावशींच्या मागे रांगेत मी उभा होतो; मी टोपी आणखी खाली ओढली. आदल्या दुपारी त्याच कॉम्प्युटरवर बसून ते मीच टाकलं होतं. त्याने माझ्या टोपीकडे एकदा पाहिलं, ते नाव काढून टाकलं आणि अर्ज पुन्हा उघडला. या वेळी अर्ज पडद्यावरून हलला नाही.

“कोणं आणली बे ही अळी?” रांगेतून कोणीतरी ओरडलं.

“कोणाच्या वावरातून आली ते इचारत नसतात,” तो म्हणाला, आणि मावशींच्या हातात पावती ठेवली.

माझा नंबर आला तेव्हा घाम पुसायला मी टोपी काढू लागलो.

“राहू द्या, गुरुजी,” तो हळूच म्हणाला. “तीस दिवस कुठी झाले अजून?”