टोपीची रेघ

माझी मावशी दिवसभर लोकांचे केस घालवायची आणि स्वतःच्या हनुवटीवरचे तीन केस मात्र खुशाल मिरवायची. खुर्चीतली बाई विचारायचीच, "तुम्ही तुमचे का नाही हो काढत?" मावशीचं उत्तर ठरलेलं: "मला नकोसे झाले की काढीन. तुम्हाला नकोसे झाले म्हणून नाही." क्लिनिकच्या मालकांना, म्हणजे साहेबांना, हे अजिबात खपत नसे. पण अकरा वर्षं लेझरचं मशीन हाताळणारी दुसरी कोण मिळणार?

त्याच क्लिनिकात मी बाहेरच्या टेबलावर बसायचे. फोन घ्यायचे, पेशंटची कार्डं काढायचे. माझ्या डोक्यावर भिंतीला साहेबांनी लावलेलं पोस्टर होतं, 'केसांपासून कायमची सुटका!' त्याच पोस्टरखाली उभी राहून मावशी सांगायची, "कायमची वगैरे काही नाही हं. कमी होतील, बारीक होतील. सात-आठ वेळा यावं लागेल, कारण सगळे केस एका वेळी उगवत नाहीत. येताना वस्तरा फिरवून या, वॅक्स करून नको. मूळच उपटून आलात तर लेझर काय माझ्या तोंडाकडे बघेल?"

एका गोष्टीत मात्र ती थट्टा करत नसे. पहिल्या वर्षी साहेबांच्या घाईपायी तिने उन्हात रापलेल्या एका बाईच्या गालावर लेझर चालवला होता. गाल भाजला, डाग राहिले. ती बाई अजूनही रस्त्यात दिसली की ओढणी गालावर ओढून घेते. तेव्हापासून मावशीने कानाला खडा लावला होता.

एके दिवशी एक आई पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला घेऊन आली. ओठावरची लव काढायची होती. पोहण्याच्या स्पर्धेत मुलगी पहिली आली होती आणि आठ दिवसांनी बक्षीस घेताना फोटो निघणार होते. कार्डावर 'उन्हात जाता का?' या प्रश्नापुढे आईने ठसठशीत 'नाही' लिहिलं.

आतलं दार उघडं होतं, मला टेबलावरून सगळं दिसत होतं. मावशीने ओल्या कापसाने मुलीचा चेहरा पुसला. कापसावर मेकअपचा जाड थर आला. खालून कपाळावर पोहायच्या टोपीची रेघ निघाली. रेघेच्या वर गोरी, खाली तांब्यासारखी रापलेली.

"तलाव उघड्यावर आहे ना गं?" मावशीने विचारलं.

मुलीने आईकडे बघितलं आणि होकारार्थी मान हलवली.

"तुला स्वतःला हवंय का हे?"

"हवंय. पण भाजणार असेल तर नको."

"मग ऊन टाळ आणि सहा आठवड्यांनी ये. हा उजेड काळा रंग शोधत जातो, बाळा. केसाचं मूळ काळं म्हणून ते जळतं. आत्ता तुझी कातडीच रापली आहे, तर आधी तिलाच चटका बसेल."

आईने आवाज चढवला. "माझ्या मुलीचं काय करायचं ते मी ठरवणार!" तो आवाज ऐकून साहेब आत गेले, आणि मीही उठून दारात जाऊन उभी राहिले.

"अहो, थोडं कमी-जास्त करून मारा आणि मोकळं करा त्यांना," साहेब म्हणाले. "गिऱ्हाईक परत पाठवायला पगार देतो का मी?"

मावशीने मशीन चालू केलं. तिने ड्रॉवरमधून वस्तरा काढला आणि साहेबांसमोर धरला.

"काढा घड्याळ."

"काय?"

"रविवारी टेनिस खेळता ना उन्हात? काढा घड्याळ, बाही वर करा. चार बोटं जागा भादरते आणि आधी तुमच्यावर मारते. पट्ट्याखालच्या गोऱ्या जागेवर नाही हं, शेजारच्या काळ्या जागेवर. तुम्ही हसत उठलात तर हिला बसवते."

साहेबांनी हात खिशात घातला. मुलगी खुदकन हसली. आई मात्र त्या खिशाकडे बघतच राहिली.

"उद्यापासून येऊ नका," साहेब म्हणाले.

"नाही येणार." मावशीने मशीन बंद केलं, काच पुसली आणि माझ्याकडून मुलीचं कार्ड मागून घेतलं. आईच्या 'नाही'वर काट मारून तिने लाल शाईने लिहिलं: 'त्वचा रापलेली आहे. सहा आठवडे लेझर करू नये.' खाली पूर्ण सही केली. मग पर्स उचलून तीन केसांची हनुवटी ताठ ठेवून निघून गेली. मला रडू येत होतं आणि अभिमानाने छातीही भरून आली होती.

साहेबांनी ते कार्ड माझ्या टेबलावर आपटलं. "फाडा हे. नवीन करा. उद्या मशीन चालवायला दुसरी कुणीतरी बोलावतो."

मी कार्ड उचललं. आई-मुलगी दारापर्यंत पोचल्या होत्या. मी त्यांच्यामागे गेले आणि ते कार्ड मुलीच्या हातात दिलं.

"जपून ठेव," मी म्हटलं. "कुठेही गेलीस तरी आधी हे दाखव."

मग मीही माझी पर्स घेतली.