हात वर केलेले पाहुणे

दगडू हवालदार गेल्याचा निरोप आला तेव्हा मी अंगणात दाढी करत बसलो होतो. त्याचा पुतण्या दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "मास्तर, नाना गेलं. जेवून बाजंवर पडलं, ते उठलंच न्हाईत." अर्धी दाढी तशीच राहिली... खरं सांगतो, आधी वाईट वाटलं नाही. आधी हायसं वाटलं. त्या माणसाला शेवटची काही वर्षं एकच धास्ती होती, की आपल्याला नगरच्या दवाखान्यात नळ्या लावून पडावं लागणार. "गुलाब, मला नगरला न्हेऊ देऊ नगंस," असं तो मला येता-जाता बजावायचा, जसा काही मीच तिथला मोठा डॉक्टर. ती वेळ आली नाही. कुणाला उशाशी ताटकळत न ठेवता गेला. मी पोचलो तेव्हा बाजेखाली त्याचे बूट जोडून ठेवलेले होते, टाचा भिंतीकडे. वाईट वाटलं ते हे बूट बघून, आणि मग बराच वेळ वाटत राहिलं.

पेपरात चार ओळी आल्या. माजी सैनिक, माजी सरपंच, लोकल बोर्डाचे माजी सभासद. सगळं माजी. त्या चार ओळींत माझा दगडू कुठेच सापडेना, म्हणून हे लिहायला बसलो.

आम्ही दोघे एका शाळेत, एकाच छडीखाली शिकलो. तो पाटी फोडून पलटणीत पळाला आणि मी फायनल पास होऊन मास्तर झालो. लढाई संपल्यावर तो परत आला तो एक ट्रंक, एक दुर्बीण आणि एक शिट्टी घेऊन. दुर्बीण त्याला कुणा गोऱ्या साहेबाने जाताना दिली, असं तो सांगे. त्या काळी आमच्या पंचायतीत कुणाचंच कुणाशी पटत नव्हतं. कुठल्याच पार्टीत नसलेला माणूस म्हणून लोकांनी याला सरपंच करून टाकलं, आणि मग डोक्याला हात लावून बसले. हा सकाळी शिट्टी वाजवून अख्खी आळी झाडायला काढायचा. मीटिंगला उशिरा येणाऱ्या पंचाला चावडीबाहेर उभं करायचा, मग तो पंच याच्या बापाच्या वयाचा का असेना. बायका म्हणत, "ह्याला परत बोलावून घ्या म्हनावं सरकारला." मी समजवायला जायचो. तर मलाच म्हणायचा, "मास्तर, लाइनीत बोल."

स्वातंत्र्य मिळून वर्ष व्हायचं होतं, त्या उन्हाळ्याची गोष्ट. आमचं गाव जिल्ह्याच्या पार पूर्वेच्या टोकाला. ओढा ओलांडला की निजामाचं राज्य, म्हणजे आमच्या बोलीत मोगलाई. तिकडून रोज नवी आवई यायची. हत्यारबंद टोळ्या फिरतात, अमुक वाडी जाळली, तमुक गाव लुटलं... यातलं खरं किती आणि खोटं किती, कुणाला ठाऊक. पण माणसं बदलायला आवई पुरते. आमचं घर मुजावराचं. टेकाडावरच्या पिराची दिवाबत्ती पिढ्यान्‌पिढ्या आमच्याकडे. ज्या पारावर अब्बांना बोलावून तंबाखू मळून दिली जायची, त्या पारावर अब्बा दिसले की बोलणं थांबायला लागलं. कुणी शिवी दिली नाही, दगड मारला नाही. नुसतं बोलणं थांबायचं. त्याचीच जास्त भीती वाटायची.

चैत्रात पिराचा उरूस असतो. गावातले लोक म्हणायला लागले, की औंदा संदल काढू नये, मिरवणूक नको, उगाच काही व्हायचं. अब्बांनी मुकाट्याने एका चादरीत गाठोडं बांधलं. राहात्याला माझी आत्या होती, तिच्याकडे जायचं ठरलं. "संदल निकलला नाही तर पीर आपला नाही आणि गावपण आपलं नाही," एवढंच ते बोलले. अम्माने भांडी मोजून पोत्यात भरली. मला तर शाळेत फळ्यावर लिहिताना सुद्धा तेच गाठोडं दिसायचं.

दगडूला हे कळलं तसा तो घरी आला. बूट बाहेर काढून, ताठ बसून म्हणाला, "चाचा, उरूस हुनार. बंदोबस्त माज्याकडं. गाठुडं सोडा."

अब्बा म्हणाले, "तू संदल निघू दे बाबा. मग सोडतो."

मग काय, त्याच्या अंगात पलटण संचारली. लढाईवरून परतलेले गावात सात-आठ जण होते. त्यांना त्याने शिवेवरच्या बांधामागे बसवलं. कुणाकडे काठी, कुणाकडे गोफण, आणि पाटलांची ठासणीची एक बंदूक. स्वतः दुर्बीण लावून पुढे. उरुसाच्या दिवशी मीही त्याच्या मागे जाऊन बसलो होतो. माझ्याकडे काय असणार, रूळ घेऊन बसलो होतो. ऊन उतरायला लागलं, आणि ओढ्यापलीकडे धूळ उठली.

गाड्या होत्या. माणसं बरीच होती. आवाज अजिबात नव्हता. दगडू दुर्बिणीतून बघत पुटपुटला, "म्होरं हिरवं निशाण हाय." बंदूकवाल्याने बार भरला. गाड्या ओढ्यात उतरल्या, चढ चढायला लागल्या, आणि दगडूने शिट्टी फुंकली. बांधामागून सगळे एकदम उठले. "हँड्सअप," तो असा गरजला, की माझे स्वतःचे हात वर गेले.

गाड्या जागच्या जागी थांबल्या. पहिल्या गाडीपुढे चालणाऱ्या म्हाताऱ्याने हातातली हिरवी घडी पटकन डोक्यावर ठेवली आणि दोन्ही हात वर केले. मागे बायका होत्या. त्यांनी हातातली ताटं डोक्यावर ठेवली आणि हात वर केले. ताटांत मलिदा होता... तो म्हातारा म्हणजे पिंपळवाडीचा केरबा. मोगलाईतला शेतकरी, जातीचा मराठा. पिराच्या थडग्यावर घालायचा गलेफ दरवर्षी त्याच्या घरून यायचा, आमच्या आज्याच्याही आधीपासून. यंदा तो वाट काढून येईल असं आमच्या स्वप्नातसुद्धा नव्हतं. एरवी हलगी वाजवत येणारी माणसं वाटेत कुणी अडवू नये म्हणून हलगी पोत्यात घालून गुपचूप आली होती. आणि हिरवं निशाण म्हणजे काठीला बांधलेला गलेफ. चढावर काठी टेकता यावी म्हणून म्हाताऱ्याने तो तेवढ्यातच सोडून, घडी करून हातात घेतला होता.

केरबाने दगडूकडे एकदा खालपासून वरपर्यंत पाहिलं. "हवालदार," तो म्हणाला, "हात तर वर केले. आता गलेफ कशानं धरू ते तेवढं सांगा. पडला तर पीर मला इचारील, तुम्हाला नाही."

आधी एक बाई हसली. मग गाडीवान हसला, मग बांधामागचे. बंदूकवाला बंदूक खाली टाकून मटकन बसला. मी हसत होतो की रडत होतो, मला आजही सांगता यायचं नाही. हसला नाही तो एकटा दगडू. त्याने बूट काढले, टोपी काढली, केरबाच्या डोक्यावरचा गलेफ आपल्या डोक्यावर घेतला आणि तापलेल्या फुफाट्यातून अनवाणी टेकाडाकडे चालायला लागला. हलगी पोत्यातून बाहेर निघाली. हलगी ऐकून गाव घराबाहेर आलं. पिंपळवाडीवाले मोगलाई तुडवून आले आणि आपण दारं लावून बसायचं, याची लोकांना लाज वाटली असावी. दिवेलागणीला संदल निघाला तेव्हा पारावरचे सगळे त्यात होते. अब्बा घरी आले आणि त्यांनी गाठोड्याची गाठ सोडायला घेतली, पण ती इतकी घट्ट बसली होती की शेवटी अम्माने दाताने सोडली. तव्यावर भाकरी पडली. त्या रात्रीइतका गाढ मी पुन्हा कधी झोपलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दगडू दुर्बीण घेऊन आला आणि ती अब्बांपुढे ठेवली. "चाचा, ही तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या. मला ह्यातनं हाय त्याच्यापेक्षा लई दिसाया लागलंय." ती अजून दर्ग्यात मोरपिसांच्या मोरचेलाशेजारी खुंटीवर आहे.

त्याच वर्षी तो लोकल बोर्डाला उभा राहिला. विरोधकांना आयतं कोलीत मिळालं होतं. 'हँड्सअप हवालदार' म्हणून त्यांनी टवाळी सुरू केली. मी म्हटलं, तू त्यावर चकार शब्द काढू नकोस. त्याने पहिल्याच सभेत, कर्जतच्या बाजारात, सुरुवातच तिथून केली. "मला मत द्यायच्या आधी एक ऐका. मी बायामानसांवर बंदूक रोखली. 'बार काढ' म्हननार हुतो. शबुद तोंडात आल्ता. त्येवड्यात एका बाईच्या डोक्यावर ताट दिसलं, म्हनून गिळला. ताट दिसलं नसतं तर? आता ठरवा." मी गर्दीत कपाळ बडवून घेतलं. म्हटलं, गेली सीट. पण कुणी उठून गेलं नाही, अगदी मागच्या कांदेवाल्यांनीसुद्धा तराजू खाली ठेवले. तो निवडून आला.

बोर्डात त्याने काय केलं? फार मोठं काही नाही. दोन विहिरी, तीन शाळाखोल्या, आणि शिवेपासून टेकाडापर्यंतचा रस्ता, पिंपळवाडीच्या गाड्यांना चढ पडू नये म्हणून. इंजिनियरने तो रस्ता कागदावर दुसरीकडून नेला होता, तेव्हा हा तीन दिवस त्याच्या कचेरीत ताठ उभा राहिला. खुर्ची दिली तरी बसला नाही. शेवटी इंजिनियरच कंटाळला. मात्र शिट्टी फुंकणं त्याने सोडलं. मीटिंगला उशिरा आलेल्याला आधी विचारायचा, "का रं, काय झालं?" आणि ऐकून घ्यायचा. एवढ्यासाठी लोकांनी त्याला पुन्हा निवडून दिलं, असं मला वाटतं. पुढे राजकारणाला पैशाचा वास यायला लागला तसा तो उठून घरी आला.

एक रिवाज मात्र त्याने मोडला नाही. दर उरुसाला दुपारपासून शिवेवर अनवाणी उभा राहायचा, गूळपाण्याची घागर घेऊन. पिंपळवाडीचे लोक त्याला लांबून बघूनच हात वर करायचे, हसत-खिदळत, पोरंबाळंसुद्धा. मग हा खाडकन सॅल्यूट ठोकायचा, तेव्हा कुठे हात खाली यायचे. मोगलाई गेली, केरबा गेला, गाड्या जाऊन टेम्पो आले, पण हे चालूच राहिलं. चेष्टा त्याची, आणि सगळ्यात मोठ्याने हसायचा तोच.

यंदाचा उरूस तो गेल्यावर महिनाभराने आला. घागर घेऊन कुणी उभं राहायचं, हे काही ठरलं नव्हतं. मीच गेलो. या वयात चप्पल काढली तर पाय भाजतात, पण काढली. टेम्पो ओढ्यापाशी थांबला. केरबाचा मुलगा महादू, तोही आता सत्तरीचा, खाली उतरला. त्याला सगळं कळलेलं होतं. त्याने गलेफ डोक्यावर ठेवला आणि दोन्ही हात वर केले. मागे एकेक जण उतरत गेला. बायकांनी ताटं डोक्यावर घेतली. सगळ्यांचे हात वर, आणि यंदा कुणी हसत नव्हतं.

"अरे, करा की खाली," मी म्हणालो. कुणी करेना.

मी जन्मभर मास्तर. सॅल्यूट कसा करतात, मला काय माहीत... मी घागर खाली ठेवली, टाचा जोडल्या आणि कपाळाला हात लावला. मग हात खाली आले.