मिठाच्या बारा मुठी

रंगुबाईचा हात सढळ, तोंड त्याहून सढळ. पाथर्डीकडच्या त्या खेड्यात बायकांचा गट तिनंच जमवला आणि भांडी घासायचं लिक्विड करायचा उद्योग काढला. साबणाच्या पाण्यात मीठ टाकलं की ते दाट होतं, आणि दाट असलं तरच गिऱ्हाईक घेतं. आपापसात धुसफूस नको म्हणून तिनं रीत घालून दिली: प्रत्येकीनं एकेक मूठ मीठ टाकायचं. दहा बायका, दहा मुठी.

यंदा दोघी वाढल्या. त्यातली एक ज्योती. दरसाल नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायची. गटात काम मिळालं म्हणून लेकीच्या शाळेसाठी पहिल्यांदाच गावात राहिली होती.

शनिशिंगणापूरच्या एका खानावळीची ऑर्डर होती. नेहमीच्याच पिंपात बारा मुठी पडल्या आणि लिक्विड एकदम पातळ झालं. रंगुबाईनं घाईघाईनं आणखी दोन मुठी टाकल्या, तर ते अजूनच पातळ! झालं, बाई भडकली. पिंपाशी शेवटी ज्योतीच उभी होती.

"पानी वतलंस ना, ज्योते?"

"न्हाई मावशी, लेकीची आन."

"मग काय भुतानं वतलं? चालती हो हितनं!"

बाकीच्या दहाजणी बघत होत्या.

चौथ्या दिवशी सून आरती माहेराहून आली. बी.एस्सी. झालेली पोर. तिनं ग्लासभर लिक्विडात थोडं साधं पाणी घालून ढवळलं, आणि अहो, ते दाट झालं!

"आत्याबाई, साबणाच्या कणाची शेपूट पाण्याला भिते. म्हणून ते कण शेपट्या आत घेऊन गोळे करून बसतात. मिठानं त्या गोळ्यांचे लांब दोरे होतात, एकमेकांत गुंततात, म्हणून दाट. मीठ लई झालं की गुंता सुटतो आणि सगळं वाहतं. हे मिठानं बिघडलंय. कुणी पाणी ओतलं असतं तर सुधारलं असतं."

रंगुबाई तशीच अनवाणी ज्योतीच्या घरी धावली, तर दाराला कुलूप. शेजारच्या भीमाबाईनं सांगितलं, "तोडीचा टेम्पो कालच गेला. पोरीलाबी नेली."

रंगुबाईनं तिथनंच फोन लावला. "ज्योते, चुकलं गं माझं. पानी न्हवतं, मीठ जास्त झालं हुतं. परत ये."

"मुकादमाकडं नाव लिवलंय, मावशी. आता पाडव्यालाच. आन् पानी वतलंस म्हनला तवा समद्या हुत्या. आता माझ्या एकटीच्या कानात सांगता व्हय?"

फोन बंद झाला. रंगुबाई त्या कुलपाखालीच मटकन बसली आणि ढसाढसा रडली.