गालातला वारा

दारव्ह्याच्या बँडमध्ये मारोती सव्वीस वर्षं ट्रम्पेट वाजवत होता. आर्णीच्या एका वरातीत त्याला दम लागला आणि सूर मध्येच बंद पडला. तालावर चालायची सवय असलेली घोडीही थांबली. नवरदेव तेवढा पुढे झुकला. बँडचा मालक हरिसिंग याने तिथेच बजावलं, "डॉक्टरचं पत्र आन. तवरिक झांज वाजव."

सव्वीस वर्षं सगळ्यांच्या पुढे चाललेल्या माणसाला झांज!

बायको तानाबाईला घेऊन तो डॉक्टर भैरवींकडे गेला. त्यांना दम्याची शंका आली. त्यांनी आकड्यांवर काटा सरकणारी एक छोटी नळी हातात दिली. छातीभर श्वास घ्यायचा आणि एका झटक्यात फुंकायचा. काटा जितका पुढे, तितक्या श्वासनलिका मोकळ्या. मारोतीने गाल फुगवले, जीभ दातांमागे टेकवली आणि बाजा वाजवताना सोडतात तसा वारा सोडला. काटा ५६० वर.

"दम लागतो?" भैरवींनी विचारलं.

"कायचा दम? मले काहीच नाही होत."

"खोटं काहून बोलता जी?" तानाबाई म्हणाली. "रोज राती दोनदा उठून बसता. पाठ कोन चोळून देते?"

"तू झोपत काहून नाही?"

"तुमी झोपू देता का!"

भैरवींचं लक्ष त्याच्या गालांवर होतं. त्यांनी ते दोन बोटांत धरले. "आता फुंका. गालांतून नाही, छातीतून."

काटा २३० वर अडकला. यंत्र बिघडलं, असं मारोतीचं मत पडलं.

दमाच निघाला. रोज दोनदा ओढायचा पंप मिळाला. सहा आठवड्यांनी तो ताठ मानेने परत आला. खोकला नाही, रात्रीचं उठणं नाही, साक्षीला तानाबाई. "आता हे घोरतेत," ती म्हणाली. "तो तरास वेगळा."

मारोतीने स्वतःच गाल धरून फुंकलं. ३२०.

"त्रास आटोक्यात आलाय," भैरवी म्हणाल्या, "पण श्वासनलिका अजून अरुंद आहेत. दोन्ही गोष्टी बरोबरीने सुधारतातच असं नाही. बरं वाटतंय म्हणून पंप सोडायचा नाही."

"अन् ट्रम्पेट?"

त्यांनी पत्र लिहिलं: वाजवायला हरकत नाही. सलग वरात नको. मधून मधून थांबून श्वास घ्यावा.

हरिसिंगने पत्र दोनदा वाचलं. "थांबून थांबून वाजवनारा मी कुठी ठेवू? नाचनाऱ्यायचे पाय अडकतीन." डोकं खाजवता खाजवता त्याला सुचलं. "पाठवणी! तिथं तू एकटाच वाजव. सूर तुटला तं लोक म्हनतीन, मारोतीले रडू आलं."

बाभुळगावच्या लग्नात नवरी गाडीकडे निघाली आणि मारोती एकटा पुढे झाला. दोन ओळी वाजवल्या, थांबला, श्वास घेतला. नवरीच्या आईने हंबरडा फोडला. पुढच्या श्वासाला दोन्ही आत्या सुरू झाल्या. तिसऱ्याला नवरीचा बाप, जो सकाळपासून फक्त ओरडत होता, त्याने उपरण्यात तोंड लपवलं.

मारोतीला चौथ्यांदा थांबायची गरज वाटली नाही. तो सलग वाजवू लागला.

मागून हरिसिंग कुजबुजला, "अबे, थांब ना! रंगून राह्यलं."