पूजेला मांडलेला जॅक

नॉटिंगहॅमला असताना शनिवारी सकाळी माझा नवरा गाडीखाली झोपायचा आणि मी टॉर्च धरून बाजूला उकिडवी बसायचे. बाहेर त्याचे दोन पाय तेवढे दिसायचे. गाडी जॅकवर उचललेली, शिवाय आधाराला लोखंडी स्टँड लावलेले, तरी दर थोड्या वेळाने मी विचारायचे, "आहेस ना रे?" खालून उत्तर यायचं, "नाही, पुण्याला गेलो." त्याला हसू सुचायचं. मी त्या स्टँडच्या पायांवर नजर ठेवून मनातल्या मनात रामरक्षा म्हणत असायचे.

मी जन्माची भित्री. गॅस बंद केलाय ना हे बघायला जिन्यातून परत जाणारी. माझ्या माहेरी मला भित्री भागूबाई म्हणायचे आणि त्यात खोटं काही नव्हतं. अशा बाईच्या नशिबी हा छंद यावा, याला काय म्हणायचं.

गाडी म्हणजे कोणाच्या तरी दारात पडून असलेली जुनी जपानी ऑल-व्हील-ड्राइव्ह. इंजिनाची ताकद चारही चाकांना जाते, एवढाच तिचा मोठेपणा. चांगल्यातली जीप घ्यायची आमची ऐपत नव्हती, आणि खरं सांगायचं तर त्याला ती नकोच होती. स्वस्तातली गाडी आणायची आणि स्वतःच्या हाताने घडवायची, यातच मजा आहे म्हणे. दिवसभर बँकेच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणारा माणूस हा. लग्नानंतर आमच्या घरात बल्बसुद्धा मी बदलायचे. मी म्हटलं, याला विकतचं दुखणं म्हणतात. त्याने मान डोलावली आणि स्प्रिंगा मागवल्या.

त्या उंच स्प्रिंगा घालून त्याने गाडी जमिनीपासून चार बोटं वर उचलली. मग खोल खाचांचे चिखलाचे टायर आले. मग इंजिनाला खालून दगड लागू नये म्हणून जाड पत्रा. शेवटी दोन्ही बाजूंच्या दारांखाली लोखंडी नळ्या वेल्ड करून घेतल्या, म्हणजे रस्त्याकडेचा खडक आधी नळीला लागेल, गाडीला नाही. एकेक वस्तू लागली की त्याची हिंमत वाढायची आणि माझी झोप कमी व्हायची. गाडी जेवढी दणकट, तेवढा हा आणखी वाईट रस्ता शोधणार, हे मला तेव्हाच दिसत होतं.

बरं, गाडी घडवली म्हणजे संपलं असंही नाही. चिखलातून आणली की दुसऱ्या दिवशी खालून पाइपने धुवायची. तिकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते पत्रा खातं, म्हणून तळाला गंज लागू नये यासाठी मेणासारखं काहीतरी फासायचं. चाकांच्या आतल्या सांध्यांवर चढवलेले रबरी बूट फाटलेत का बघायचे. चाकांना ताकद वाटून देणाऱ्या डिफरन्शियलचं तेल थोडं काढून बघायचं, आत पाणी शिरलं असेल तर ते दुधाळ दिसतं. हे सगळं मलाही यायला लागलं. आवड म्हणून नाही. भीतीपोटी माणूस काय वाटेल ते शिकतो. पत्र्यावर गंजाचा फोड दिसला की त्याच्या आधी मला दिसायचा.

शेजारच्या डर्बीशायर जिल्ह्यातल्या डोंगरांत डांबर नसलेले जुने गाडीरस्ते आहेत, दगडमातीचे. त्यातल्या काहींवर गाडी न्यायला कायद्याने मुभा आहे, त्यांना ग्रीन लेन म्हणतात. रविवारी आम्ही तिकडे जायचो. घरी बसून फोनची वाट बघत घाबरण्यापेक्षा शेजारच्या सीटवर बसून घाबरलेलं बरं, म्हणून मी जायचे. दाराच्या वरचं हँडल धरून धरून माझा डावा खांदा कायम दुखायचा.

२००७ साली सासूबाई पुण्याहून आमच्याकडे राहायला आल्या. शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून रिटायर झालेल्या, सडसडीत आणि कशाला म्हणून न भिणाऱ्या. मला वाटलं, आई म्हणून त्या तरी लेकाला चार शब्द सुनावतील. कसलं काय. पहिल्याच रविवारी त्या मागच्या सीटवर बसल्या, गाडी एका ओढ्यातून पाणी उडवत गेली, आणि त्या म्हणाल्या, "परत एकदा घे बरं." मी कपाळाला हात लावला. घरचं झालं थोडं, त्यात व्याह्यांनी धाडलं घोडं.

त्या वर्षी दसरा रविवारी आला. सकाळी सासूबाईंनी गाडीच्या डिकीतली सगळी हत्यारं घरात आणली. जॅक, पाने, गाडी ओढायचा जाड पट्टा, फावडं. सगळं कोमट पाण्याने धुतलं, देवापुढे पाटावर मांडलं, हळदकुंकू वाहिलं. पुण्यात आम्ही पुस्तकं आणि विळी मांडायचो. इथे माझ्या लेकाची हीच शस्त्रं, असं त्यांचं म्हणणं. मला ते मनापासून आवडलं, हेही सांगायला हवं. जॅकवर झेंडूचं फूल ठेवताना मीच दोन मिनिटं डोळे मिटून उभी राहिले होते.

मग सीमोल्लंघनाची टूम निघाली. दसऱ्याला गावाची सीमा ओलांडायची असते. नवऱ्याला एक लेन ठाऊक होती, ती चढत चढत जिथे संपते तिथे डर्बीशायर संपून स्टाफर्डशायर लागतं. तिथे जायचं, पलीकडच्या हद्दीत उभं राहून सोनं वाटायचं आणि परत यायचं. आपट्याची पानं कुठली मिळायला, मागच्या दारच्या झुडपाची पानं सासूबाईंनी रुमालात बांधून घेतली.

निघताना मी म्हटलं, "आई, जॅक आणि पट्टा तेवढा परत गाडीत ठेवू या का?"

"अगं, मांडलेली पूजा अशी मोडतात का? उद्या उत्तरपूजा झाली की ठेव."

मी नवऱ्याकडे बघितलं. तो म्हणाला, "सोपी लेन आहे गं. उगाच काय."

"रात्रभर पाऊस होता."

"आली आमची भागूबाई," असं म्हणून त्याने माझ्या डोक्यावर टपली मारली. सासूबाई हसल्या, आणि आम्ही निघालो.

लेन खरंच सोपी होती, निम्म्यापर्यंत. मग चढ उभा झाला. डाव्या अंगाला खडकाची भिंत, उजवीकडे दगडांचं पडकं कुंपण, मधोमध पावसाने चिकट झालेली पिवळी माती. मागचं डावं चाक एका खोल चाकोरीत घसरलं आणि गाडी डावीकडे कलली. नवऱ्याने इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला, गाडी गिअरमध्ये ठेवली. मला आणि सासूबाईंना खाली उतरवलं आणि खडकाच्या बाजूने मागच्या चाकापाशी गेला. चाकापुढे चपटे दगड रचले की गाडी निघेल, असा त्याचा हिशेब होता. तो वाकून दगड रचत होता, आणि मातीने गाडी सोडून दिली. मोठा आवाज नाही, काही नाही. गाडीचं मागचं अंग नुसतं खडकाकडे सरकलं. तो "अरे" म्हणाला, एवढंच, आणि खाली बसल्यासारखा झाला. त्याने हौसेने वेल्ड करून घेतलेली ती लोखंडी नळी आणि खडक यांच्यामध्ये त्याचा पाय गुडघ्याखाली सापडला होता.

आम्ही दोघींनी गाडीला खांदे लावून ढकलून बघितलं. ती आमच्याने काय हलणार. उलट आणखी थोडी त्याच्याकडेच सरकली आणि तो किंचाळला. माणसाचा तसा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. आम्ही हात काढून घेतले. फोनला सिग्नल नव्हता. वाटेत लागलेलं शेवटचं घर पार खाली राहिलं होतं. आणि गाडी आपोआप, कोणी हात न लावता, सरकत होती. त्याची जीन्स रक्ताने काळी व्हायला लागली होती.

"जॅक काढ ना लवकर," सासूबाई मला म्हणाल्या. बोलून झाल्यावर त्यांना आठवलं. त्यांनी तोंडाला पदर लावला आणि तिथेच चिखलात त्याच्याजवळ बसल्या.

मग तो बोलला. तोंड पांढरंफटक पडलं होतं, पण मला पार्किंग शिकवताना बोलायचा त्याच आवाजात. "तू चालवायची. पुढच्या डाव्या चाकासमोर दगड आहे. चाक त्याच्यावर चढलं की गाडी उजवीकडे झुकेल आणि माझा पाय सुटेल. फर्स्ट गिअर, क्लच हळू, मग हँडब्रेक सोड. मागे यायचं नाही. जरासुद्धा नाही. मागे आलीस तर गुडघा जाईल."

"मला नाही जमणार," मी म्हटलं.

"माहितीये. तरी कर. आणि ऐक, मी ओरडलो तरी थांबायचं नाही. ओरडणारच आहे मी. अर्ध्यात थांबलीस तर संपलं."

माझं लायसन्स होतं, पण मी चालवणार काय, तर घर ते ऑफिस, सपाट रस्त्यावर. ही गाडी चढावर मी कधी हातात घेतली नव्हती. मी म्हटलं, आई तुम्ही वर जा, गाडीच्या पुढे, मागे थांबू नका. "मी इथून हलणार नाही," त्या म्हणाल्या. त्यांनी मागून त्याच्या दोन्ही काखांत हात घातले होते. सुटला की ओढून घ्यायचं म्हणून.

मी आत बसले. त्याच्या उंचीची सीट, माझे पाय पोचेनात, ती पुढे ओढताना गाडी हलली तर, म्हणून श्वास रोखून ओढली. डावा पाय क्लचवरून घसरू नये म्हणून मी हाताने गुडघा दाबून धरला. इंजिन सुरू केलं. देवाचं नाव घ्यायचं होतं, एकही आठवलं नाही. क्लच वर आणत गेले, बॉनेट जरा उचललं गेलं, मी हँडब्रेक सोडला. एक क्षण गाडी ना पुढे ना मागे. आणि तो ओरडला.

मी थांबले नाही. आजही मला कोणी विचारलं की आयुष्यात सगळ्यात भयंकर काय केलंस, तर हेच सांगेन. नवरा जिवाच्या आकांताने ओरडत होता आणि मी ॲक्सिलरेटर दाबत होते. मध्येच तो "थांब, थांब" असंही म्हणाला. मी पाय आणखी दाबला. पुढचं चाक दगडावर चढलं, गाडी उजवीकडे झुकली, मागे काहीतरी खरवडलं गेलं, आणि मग एकदम मोकळी झाल्यासारखी ती वर धावली. ओरडणं बंद झालं.

जरा वर जाऊन मी ब्रेक मारला. इंजिन चालू होतं, त्याच्या घरघरीत मागचं काही ऐकू येत नव्हतं. दार उघडलं, धावत खाली जायचं म्हणून. आणि मला जाता येईना. ओरडणं का बंद झालं, हे मला बघायचं नव्हतं. दोन्ही पाय पेडलवर तसेच दाबलेले, हात स्टिअरिंगला चिकटलेले. मी आरशात बघितलं. सासूबाई गाडीमागून चढ चढत येत होत्या, एकट्या, साडी गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली, हात लाल. चेहऱ्यावरून काही म्हणजे काही कळत नव्हतं. तो जिवंत असता तर त्या त्याला सोडून आल्या नसत्या, हा विचार माझ्या मनात पुरता येऊन गेला. त्या माझ्या खिडकीपाशी पोचेपर्यंत मी विधवा झाले होते.

त्या उघड्या दाराला धरून उभ्या राहिल्या. आधी त्यांना धाप लागल्यामुळे बोलता येईना.

"पाय मोडलाय," त्या म्हणाल्या. "पण सुटला. बोलतोय. त्यानेच मला पाठवलं. म्हणाला, पळत जा आणि तिला विचार, हँडब्रेक लावला का?"

मी खाली बघितलं. हँडब्रेक खालीच होता. त्या उभ्या चढावर, त्या चिकट मातीवर, गाडी फक्त माझ्या उजव्या पायाने धरली होती, आणि दार उघडलं होतं ते हाच पाय बाहेर टाकण्यासाठी. बरोबर मागे, वाटेच्या मधोमध तो पडलेला होता. सासूबाई त्याच वाटेने चालत आल्या होत्या. मी शूर असते, तर उडी मारून त्याच्याकडे धावले असते.

मी दोन्ही हातांनी हँडब्रेक वर ओढला, आणखी ओढला, आणखी वर येईना तोवर. उजवा पाय उचलायला मात्र मला बराच वेळ लागला.

"आता लावला, आई," मी म्हटलं. "सांगा त्याला."