सोवळ्यातला स्टोव्ह

लीलेने केरूला पहिल्यांदा नीट पाहिले तेव्हा तो मागील दारी फणसाखाली उकिडवा बसला होता आणि दुरुस्त केलेला स्टोव्ह हातचा सोडायला तयार नव्हता. तिचा नवरा चिंतामणी कोर्टात कारकून, त्याला कचेरीत वेळेवर पोचायचे होते. त्याने दोनदा स्टोव्हला हात घातला आणि दोन्ही वेळा केरूने तो हळूच आपल्या बाजूला ओढून घेतला.

केरूचे मागणे साधे होते. स्टोव्ह जी पेटवणार तिला बोलवा; तिने माझ्यासमोर एकदा पेटवून आणि एकदा विझवून दाखवावा, मग खुशाल न्या. चिंतामणी म्हणाला, काय ते मला सांग, मी घरात सांगतो.

"तुमी सांगाल हो भाऊ," केरू म्हणाला. "पन जेवाया बसल्यावर सांगाल, आनि निम्मं इसराल."

दाराआड उभ्या असलेल्या लीलेला हसू आवरले नाही. लग्न होऊन दोन वर्षे झाली होती, पण नवऱ्याची इतकी अचूक पारख दुसऱ्या कोणी केलेली तिने ऐकली नव्हती.

ते साल एकतीसचे, दिवस श्रावणाचे. लाकडे ओली, चूल धुमसायची आणि राजापूरहून रत्नागिरीला आलेल्या लीलेचा खोकला त्या धुरात थांबत नसे. म्हणून चिंतामणीने मुंबईच्या मेव्हण्याकडून हा पितळी स्टोव्ह मागवला होता. तो वाटेत आपटून गळू लागला आणि केरूकडे गेला. स्वयंपाकघर मात्र होते गोदाकाकूंचे. चिंतामणीच्या या विधवा काकू. त्यांनीच त्याला लहानाचा मोठा केला होता. स्टोव्ह घरात यायला त्यांनी हरकत घेतली नाही. एकच अट घातली की तो सोवळ्यात राहील, रोज चिंचेने घासला जाईल आणि बाहेरच्या कोणाचा हात त्याला लागणार नाही. दुरुस्तीहून आलेला स्टोव्हही आधी धुवायचा, मग आत घ्यायचा.

लीला अंगणात आली. केरू तिशी-पस्तिशीचा, हडकुळा माणूस होता. त्याच्या डाव्या तळहाताची कातडी ताणल्यासारखी चकचकीत होती आणि दोन बोटे पुरती मिटत नव्हती. त्याने स्टोव्ह तिच्यापुढे ठेवला आणि स्वतः चार हात मागे सरून बसला.

त्याने शिकवले ते वर्गात शिकवावे तसे, एकेक गोष्ट तिच्याकडून वदवून घेत. टाकी गळ्यापर्यंत भरायची नाही, वर हवेला जागा ठेवायची. पेटता स्टोव्ह कधी भरायचा नाही. बर्नरखाली लावलेला भिजवलेल्या चिंधीचा काकडा पुरता जळून बर्नर तापला की मगच पंप. ज्योत पिवळी झाली किंवा भडकली तर जोर करून पंप मारत बसायचे नाही. टोपणावरची चावी सैल करून हवा सोडायची आणि लांब व्हायचे. लीलेने पदर खोचून स्टोव्ह पेटवला. तो सूं करून एकसुरी वाजू लागला, तशी केरूने मान कलती करून डोळे मिटले. सूर मनासारखा लागल्यावर त्याने तिला स्टोव्ह विझवायला सांगितला.

मग त्याने पंपाचा दांडा बाहेर काढून टोकाची इवलीशी वाटी दाखवली. ही हवा दाबते. हिला आठवड्याला तेलाचा एक थेंब द्यायचा, सुकू द्यायची नाही.

"चामड्याची हाय," तो म्हणाला. "सुकली का आखडते."

मागच्या पडवीत काकू भाजी निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. जाताना केरूने सांगितले की आठव्या दिवशी येतो, ऐकायला. पैसे नकोत, फक्त आवाज ऐकायचा आहे.

त्याची ही तऱ्हा गावात सगळ्यांना ठाऊक होती आणि तिची टिंगलही होई. कोणी म्हणे, केरू स्टोव्ह दुरुस्त करतो की पोरीला सासरी धाडतो? तो ऐकून घेई. मूळचा तो सावर्ड्याकडचा, कुणब्याच्या घरातला. चौदाव्या वर्षी मुंबईला गेला आणि गिरगावात एका स्टोव्ह दुरुस्तीच्या दुकानी बारा वर्षे राबला. तिथे एकदा त्याने एका गृहस्थाला स्टोव्ह देताना बजावले होते की याची चावी नवी आहे, उलटी फिरते, घरी सांगा. गृहस्थ सांगायला विसरले. आरडाओरडा ऐकून केरू धावला तेव्हा त्या घरची बाई पेटलेला स्टोव्ह विझवायला चावी घट्टच करत होती. केरूचा हात तेव्हा भाजला. बाई तिसऱ्या दिवशी गेली. दुकानदाराने त्याला बोल लावला नाही, गृहस्थांनीही नाही. पण केरूने वर्षाच्या आत मुंबई सोडली. हे सारे त्याने लीलेला पुढे कधीतरी सांगितले. त्या दिवशी तिला एवढेच वाटले की माणूस भारी चिकट आहे.

दुसऱ्या दिवशी लीला विहिरीवर गेलेली असताना काकूंनी पंप उघडला. त्यांची बोटे फार कसबी होती. देवाच्या वाती त्या अशा वळत की गल्लीतल्या बायका मागून नेत. चामड्याची वाटी त्यांनी चिमट्याने काढून परसात पुरली. तिच्या जागी कापसाची वात खोबरेल तेलात भिजवून दांड्यावर घट्ट गुंडाळली, दांडा परत बसवला आणि आंघोळ करून स्वयंपाकाला लागल्या. सुनेला काही सांगण्याचे त्यांना कारण वाटले नाही. स्वयंपाकघरात मेलेल्या जनावराचे कातडे होते, ते त्यांनी काढले. त्यांच्या लेखी त्यात सांगण्यासारखे काय होते?

आणि स्टोव्ह चालला. पहिले तीन दिवस चांगला चालला.

चौथ्या दिवशी लीलेला पंप हाताला हलका लागला. आधी पंधरा वेळा दांडा मारला की पुरे, आता तीस वेळा मारावा लागे. पाचव्या दिवशी पितळेवर घासलेटाचा ओघळ दिसला. तिने तो पुसून टाकला. आपलेच काही चुकत असेल असे तिला वाटले. नवऱ्याला सांगावे तर तो म्हणणार, एवढे शिकवून गेला तरी जमत नाही? काकूंना सांगावे तर त्या स्टोव्हच बाहेर काढतील आणि पुन्हा तो धूर. ती गप्प राहिली. आत कापसाचे तंतू सुटून पंपाच्या तळाशी जाऊन बसत होते. टाकीतले घासलेट मागे येऊ नये म्हणून तिथे एक बारीकशी झडप असते, ती आता पुरती मिटेना.

आठव्या दिवशी संकष्टी होती. काकूंचा उपास, एकवीस मोदक व्हायचे होते. पाऊस सकाळपासून कोसळत होता आणि चुलीवरच्या लाकडांना फेस येत होता. काकूंनी नारळाची सोडणे, ती केसाळ सालपटे, चुलीशेजारी वाळत रचली होती. दिवस उतरत आला तसे त्यांनी तांब्याचे जड मोदकपात्र स्टोव्हवर चढवले. पसरट बुडाच्या त्या भांड्याखाली सगळी धग टाकीवर येऊ लागली. पाण्याला उकळी येईना. लीलेने पंप मारला, आणखी मारला. चाळिसाव्या खेपेला दांड्याच्या भोकातून घासलेट उसळून तिच्या बोटांवर आले.

तिने हात मागे घेतला तेवढ्यात ज्योत त्या ओघळावर उतरली. पंपाभोवती पिवळा जाळ उभा राहिला. ओघळ सारवलेल्या जमिनीवरून सरकत चालला, सोडणांच्या दिशेने.

केरू नेमका तेव्हाच मागील दारी पाय धूत होता. आत सूर तुटलेला त्याला ऐकू आला. सूंऐवजी भक्, थोडी उसंत, पुन्हा भक्. तो स्वयंपाकघराच्या पायरीपर्यंत आला आणि थांबला. त्या पायरीपलीकडे त्याच्यासारख्याने कधी पाऊल टाकले नव्हते. दारात गोदाकाकू पाण्याने भरलेली घागर उचलून घेत होत्या.

"काकू, पानी नको," तो म्हणाला. "घासलेट पान्यावर तरंगंल, आग घरभर जाईल."

काकूंनी घागर खाली ठेवली नाही, पण ओतलीही नाही.

लीला जागची हलत नव्हती. डोळे जाळावर खिळले होते आणि पदर मोकळा सुटला होता. केरू ओरडला नाही. फणसाखाली शिकवताना होता तोच त्याचा आवाज होता.

"वयनी, पदर खोचा." तिने खोचला. "चावी कुठल्या अंगाला हाय?"

"पलीकडच्या."

"तिकडं जाळ हाय?"

"नाही."

"मंग तिकडून जावा. फडकं घ्या हातात. वायच फिरवा, डावीकडं."

चुलीला वळसा घालून ती पलीकडे गेली. फडके हातातून एकदा पडले, ते तिने उचलले. चावी फिरवली तशी हवा फुसकन सुटली आणि मोदकपात्राखालची ज्योत बसली. पण जमिनीवरचा जाळ थांबला नव्हता. सोडणांच्या कडेच्या तंतूंना तो लागला आणि तडतडला.

भांडी घासायच्या राखेची पाटी पडवीत होती, केरूच्या पायाशीच. त्याने ती उचलून छातीशी धरली. दारात काकू होत्या, सोवळ्याची धाबळी नेसलेल्या, हातात घागर. मागे देव, चूल, अर्धे वळलेले मोदक आणि भिंतीशी अडकलेली सून. त्यांनी केरूकडे पाहिले. केरू पायरीच्या अलीकडेच थांबला. नुसता उभा राहिला, आणि ते थांबणे लीलेला जाळापेक्षा लांब वाटले.

काकू एका अंगाला सरल्या.

"ये," त्या म्हणाल्या.

तो चार पावलांत आत गेला. अर्धी राख सोडणांवर, अर्धी ओघळावर, शेवटची मूठ पंपावर. लीलेला त्याने दाराकडे जायला खुणावले आणि ती बाहेर पडल्यावर मग तोही बाहेर आला. कोणालाही भाजले नव्हते. लीलेची दोन बोटे लाल झाली होती, एवढेच.

स्टोव्ह निवल्यावर केरूने तो पडवीत आणून पंप उघडला. दांड्याबरोबर काळी पडलेली, विस्कटलेली वात बाहेर आली. त्याने ती बोटावर घेऊन निरखली, मग लीलेकडे पाहिले. तिने मान हलवली. तिला काहीच माहीत नव्हते.

"ती मी घातली," काकू म्हणाल्या.

केरूने वात जमिनीवर ठेवली. मग त्याने विचारले की वाटी कुठे आहे. काकूंनी परसातली जागा दाखवली. वाटी मात्र भिजून कामातून गेली होती. कापूस, सूत, काथ्या, काहीच चालणार नाही का, असे काकूंनी विचारले. त्यांच्या आवाजात विनवणी होती आणि ती लीलेने त्यापूर्वी कधी ऐकली नव्हती. केरूने सरळ सांगितले की नाही चालणार. चामड्याची वाटी नको असेल तर हा स्टोव्ह मी परत देणार नाही, भाऊंनी कितीही मागितला तरी.

काकूंनी विचार केला. नैवेद्याचा स्वयंपाक चुलीवरच होईल, त्या म्हणाल्या. स्टोव्ह पडवीत राहील, चामड्यासकट. दूध, चहा, चिंतामणी आणि लीलेचे जेवण तिथे. आणि लीलेने धुरात बसायचे नाही, सोवळ्याची चूल आपण सांभाळू. त्या संध्याकाळी त्यांनी सगळे स्वयंपाकघर सारवले, पुन्हा आंघोळ केली आणि मोदक चुलीवर वाफवले. शेजारच्या विमलाबाई कुंपणावरून विचारायला आल्या की केरू आत शिरला म्हणतात, खरे काय? काकू म्हणाल्या, मी बोलावला. त्यापुढे विमलाबाईंना विचारायला काही उरले नाही. गल्लीत महिनाभर कुजबूज चालली आणि दोन घरांनी केरूला काम देणे थांबवले. एक घर दिवाळीनंतर परत आले, दुसरे आले नाही.

केरूने नवी वाटी तिसऱ्या दिवशी बसवली. तेव्हा त्याने दोघींनाही बोलावले आणि आधी काकूंना स्टोव्ह पेटवायला लावले. त्यांनी तो सोवळे सोडून, लुगड्यात, तोंड वाकडे करत पेटवला. त्यांचा काकडा लीलेपेक्षा चांगला जळाला.

याला आता सात वर्षे झाली. केरू हल्ली पावसाळ्यात सावर्ड्याकडे भाताचे बघतो आणि दसऱ्यानंतर रत्नागिरीच्या बाजारात येऊन बसतो. गेल्या वर्षापासून त्याला जवळचे दिसत नाही, म्हणून बर्नरच्या बारीक भोकात, निपलात, पिन त्याची बायको मैना घालते. सूर मात्र अजून तोच ऐकतो.