खिडकीतली अक्कलदाढ

आमच्या डेंटल कॉलेजच्या प्रयोगशाळेत खेचूकाका आहेत. नाव पोरांनी ठेवलेलं. काढलेल्या दातांवर दात भरायचं कॉम्पोझिट चिकटवायचं आणि किती जोर लावला की ते निखळतं, ते मशीनवर खेचून बघायचं, यातच त्यांचा जन्म गेला. मी शेजारचं स्टोअर सांभाळते म्हणून सांगते, माणूस सोन्यासारखा. पण तोंड उघडेल तर शपथ!

बायको गेल्यापासून तर विचारूच नका. तिची अक्कलदाढ इथेच काढली होती. ती त्यांनी खिडकीत वेगळ्या बाटलीत ठेवली होती. दात सुकला की तडकतो, म्हणून दर सोमवारी पाणी बदलायचे आणि बदलताना काहीतरी पुटपुटायचे. मी आपली ऐकू न आल्यासारखं करायचे.

परवा ते रजेवर होते. काल येऊन बघतात तर बाटली रिकामी! चेहरा असा उतरला की मला बघवेना.

"काका, मला एक दाढ कमी पडत होती, ती घेतली," प्रबंधासाठी तिथे प्रयोग करणारी एक पोरगी म्हणाली. तिने दाढेचा वरचा भाग सपाट कापला होता, आतल्या पिवळसर डेंटिनवर कॉम्पोझिट चिकटवलं होतं आणि मुळं ठोकळ्यात रोवून दाढ खेचायला तयार ठेवली होती.

माझं टाळकंच सटकलं. "अगं बये, त्यांच्या बायकोची दाढ आहे ती!"

पोरगी रडायलाच लागली. काकांनी ठोकळा हातात घेतला, कडेला नुसतं नख लावलं, तर कॉम्पोझिट टपकन निघून आलं. चिकटवण्याआधी डेंटिनला आम्ल लावून धुतात; ते धुतल्यावर बाईसाहेबांनी हवा मारमारून डेंटिन ठणठणीत कोरडं केलं होतं. ते किंचित ओलं ठेवलं नाही, तर त्यावर काही धड चिकटत नाही. एरवी असं काम बघून काका कपाळाला हात लावतात. काल म्हणाले, "बरं झालं बाळ, नीट चिकटवलं नाहीस ते."

उरलेली दाढ त्यांनी ठोकळ्यासकट आपल्या चहाच्या मगात, पाण्यात ठेवली. मला भडभडून आलं, आणि भडभडून आलं की मी भांडते.

"अहो, घरी न्या ना ती! इथे कोणीही उठतं नि हात लावतं."

"घरी दिवसभर कुणी नसतं हो," ते म्हणाले. "एकटी पडेल."